भात सोडला, आणि तिसाव्या किलोमीटरला पाय थांबले

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 41, राहणं पुण्यात. दीड वर्षापूर्वी तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा, 5.9 आलं म्हणून भात, पोळी, साखर जवळजवळ बंद केली. अंडी, पनीर, दाणे, कोशिंबीर यांवर भर दिला. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले, पुढे 74 वरून 68 वर आलात. रोजचं 8-10 किलोमीटर पळणं मजेत होतं, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा झाली. मग जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन धरली. किलोमीटरला सहा मिनिटं असा वेग ठरवला होता, दोन जेल (पळता पळता चोखायची गोड पाकासारखी पाकिटं) घेतले, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पाय शिशाचे झाले. पेडर रोडच्या चढावर कडेला बसलात, डोकं भणभणलं, कारण नसताना रडू आलं. उरलेलं अंतर चालत काढलं. आता एक मित्र म्हणतो, ‘कार्ब्स खा.’ दुसरा म्हणतो, ‘अजून सहा महिने थांब, शरीर चरबीवर पळायला शिकेल.’ कोणाचं ऐकू?

मी बावीस वर्षं पळणाऱ्यांचा, सायकलवाल्यांचा आणि अधूनमधून तालमीतल्या मुलांचा आहार बघते. तुमच्यासारखी हकिगत वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकते, आणि बहुतेक सगळ्या फेब्रुवारीत. दुसरा मित्र अगदीच खोटं बोलत नाही, त्याच्याकडे नंतर येते. पण सव्वाचार तासांत 42 किलोमीटर पळायचं असेल तर पहिल्याचं ऐका. सराव पुरेसा होता, शिदोरी अपुरी होती.

शरीरात इंधनाच्या दोन जागा आहेत. एक कणगी आणि एक पिठाचा डबा. कणगीत चरबी. तुमच्यासारख्या सडपातळ माणसाकडेही दहा-बारा किलो असते, म्हणजे लाखभर कॅलरी. कागदावर तरी तेवढ्यात तुम्ही मुंबईहून नागपूरला चालत जाल. डब्यात ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या जोडलेल्या साखळ्या. खाऊनपिऊन असलेल्या, सराव करणाऱ्या माणसाच्या स्नायूंमध्ये हे साधारण 400 ते 500 ग्रॅम असतं आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम. रक्तात फिरणारी साखर तर जेमतेम 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा. डब्यातलं पीठ हाताशी असतं, भिजवलं की तव्यावर. कणगीतलं धान्य मात्र काढायचं, पाखडायचं, दळायचं, मग भाकरी. धान्य कितीही असो, जात्याचा वेग ठरलेला.

सगळी मेख या जात्यात आहे. चरबी पेशीतून सुटायची, रक्तातून स्नायूपर्यंत यायची, तिथे आत शिरायची आणि मग जळायची. कर्बोदकं रोज खाणाऱ्या हौशी धावपटूचं शरीर मिनिटाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास चरबी जाळतं. म्हणजे मिनिटाला साडेचार कॅलरी. आता तुमचा हिशोब मांडू. पळायला वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. 68 किलो, सहा मिनिटांना एक किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 11 कॅलरींहून थोडं जास्त. चरबीकडून साडेचार आल्या. उरलेल्या पावणेसात कुठून? कर्बोदकांतून. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर मिनिटाला 1.7 ग्रॅम, तासाला शंभरएक ग्रॅम, आणि पूर्ण मॅरेथॉनला सुमारे 430 ग्रॅम.

डबा भरलेला असता तरी हे काठावरचं काम होतं, कारण स्नायूंतलं सगळं ग्लायकोजेन पायांच्या उपयोगी पडत नाही. हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते: दंडातलं ग्लायकोजेन मांडीला उसनं मिळत नाही. स्नायूकडे ते परत ग्लुकोज करून रक्तात सोडणारं एंझाइमच नसतं. रक्तात साखर सोडण्याचं काम यकृताचं, आणि त्याच्याकडे शंभर ग्रॅमसुद्धा नसतात. त्यात रात्रभर झोपेत मेंदू त्यातलंच खात असतो.

तुम्ही दीड वर्ष भात-पोळीवाचून होतात. डबा अर्धा भरलेला धरू, 250 ग्रॅम. दोन जेलचे 50 ग्रॅम. एकूण 300, भागिले 1.7, म्हणजे 176 मिनिटं. सहाच्या वेगाने साडेएकोणतीस किलोमीटर. इतकं चोख जुळलं यात थोडा योगायोग आहे, हे मान्य करते. शरीर वहीत मांडल्यासारखं वागत नाही. साठा कमी दिसला की ते चरबीचा वाटा वाढवतं, आणि कमी कर्बोदकांवर राहिलेल्या तुमच्या शरीराने तो नक्कीच बराच वाढवला असणार. पण आकड्यांची जात हीच आहे. तीस-बत्तीसला माणूस का कोसळतो, हे मॅरेथॉनच्या अंतरापेक्षा त्याच्या डब्यावर जास्त ठरतं.

आणि ते रडू. त्याची लाज वाटून घेऊ नका. मांडीचा डबा संपला की पाय जड होतात, यकृताचा संपला की रक्तातली साखर उतरते आणि मेंदूची उपासमार होते. चिडचिड, भोवळ, रडू, साधी बेरीज न जमणं, सगळं त्यातलं. हे शंभर वर्षांपूर्वी समजलेलं आहे. 1924 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर तिथल्या डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तर जे पार गळून आले होते त्यांची साखर फार खाली गेलेली. 1925 ला त्याच मंडळींनी धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं खायला लावली आणि शर्यतीत गोड गोळ्या चघळायला दिल्या. साखर टिकली आणि माणसंही शुद्धीत पोहोचली. आज आपण रंगीत पाकिटांत जे विकत घेतो त्याचं मूळ तेवढंच आहे.

स्नायूंच्या आत काय चालतं हे कळायला मात्र 1966 उजाडलं. स्वीडनमधले योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोघे डॉक्टर एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले, एकेका पायाने पेडल मारत, पाय पूर्ण थकेपर्यंत. दुसरा पाय आरामात. मग तीन दिवस दोघांनी दाबून कर्बोदकं खाल्ली आणि मांडीत सुई घालून दोन्ही पायांचे तुकडे तपासले. ज्या पायाने काम केलं होतं त्यात ग्लायकोजेन दुसऱ्याच्या दुपटीवर गेलेलं. तोच माणूस, तेच जेवण, फरक फक्त कामाचा. हा प्रयोग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत: राबलेला स्नायू साठवायला हपापलेला असतो, आणि साठवायला त्याला पुरवठा लागतो. तुम्ही पहिला अर्धा नियमाने केलात, दुसरा केलाच नाही.

पहिल्या आठवड्यात उतरलेले ते दोन किलोही बहुतांशी यातलेच. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठवताना सोबत तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरलं जातं. डबा रिकामा झाला की पाणीही जातं आणि काटा खाली येतो. कुस्तीतली पोरं वजन देण्याआधी भात-भाकरी बंद करून नेमकं हेच करतात, आणि मग दुसऱ्या फेरीत हात भरून येतात तेव्हा वस्तादांच्या शिव्या खातात. पुढचे तुमचे चार किलो मात्र खरे आहेत, त्याबद्दल अभिनंदन.

आता दुसऱ्या मित्राकडे. शरीर चरबी जाळायला शिकतं, हे खरं. महिनोन् महिने अगदी कमी कर्बोदकांवर राहिलेल्या अल्ट्रा धावपटूंमध्ये मिनिटाला दीड ग्रॅम चरबी जळताना मोजलेली आहे. म्हणजे जातं मोठं होतं, तिपटीने. मग अडचण काय? अडचण प्राणवायूची. एक लिटर प्राणवायू वापरून कर्बोदकांतून जेवढी ऊर्जा निघते, तेवढ्याच प्राणवायूत चरबीतून सात-आठ टक्के कमी निघते. तुमची छाती वेगाच्या काठावर आधीच भात्यासारखी चालत असते. तिथे सात टक्के म्हणजे फार झाले. ऑस्ट्रेलियात लुईझ बर्क आणि सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीच्या खेळाडूंना तीन आठवडे कडक सरावात ठेवून हेच तपासलं, निष्कर्ष 2017 मध्ये आले. चरबीवाल्या गटाचं चरबी जाळणं प्रचंड वाढलं, पण शर्यतीच्या वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागायला लागला. कर्बोदकं खाणाऱ्या गटांची 10 किलोमीटरची वेळ सुधारली, यांची सुधारली नाही. सराव मात्र तिघा गटांनी सारखाच केला होता.

म्हणून मी वेगावरून ठरवते. आषाढीला आळंदीहून पंढरपूरला दोन-अडीचशे किलोमीटर चालणारे साठीतले वारकरी बघा. दिवसभर चालतात, तोंडात अभंग, हातात टाळ, वाटेत कोणी दिलं तर चहा-केळं. त्यांना कोणी ग्लायकोजेन शिकवलेलं नाही आणि गरजही नाही, कारण अभंग म्हणत चालता येतो तो वेग प्रामुख्याने चरबीचा. जात्याला तो झेपतो. तुम्हालाही 42 किलोमीटर सात-आठ तासांत गप्पा मारत चालून काढायचे असतील तर दुसरा मित्र बरोबर आहे. अभंगाचं एक चरणही पूर्ण म्हणता येईना असा वेग धरला की पीठ लागतं. आणि अगदी दम तोडणाऱ्या वेगाला तर फक्त पीठच. अविनाश साबळे यांनी 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 8 मिनिटं 9.91 सेकंदांत काढली, ती जवळजवळ सगळी ग्लायकोजेनवर. तिथे साठा संपायचा प्रश्न नसतो, आठ मिनिटांत काय संपणार. पण डबा आधीच अर्धा असेल तर तो वेगच निघत नाही. तुमचे मंगळवारचे इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून जोरात पळायचे तुकडे, हल्ली पूर्वीसारखे होत नाहीत, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. सहज लिहिण्यासारखं नव्हतं ते, तोच खरा निरोप होता.

केनियातल्या अव्वल धावपटूंच्या जेवणाची नोंद झालेली आहे: तीन चतुर्थांशांहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतून, दर किलो वजनाला रोज दहाएक ग्रॅम. मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत भाजी, दूध, साखर घातलेला चहा. आपल्या कोणत्याही खेड्यातल्या ताटाच्या जवळचं. हे ताट कोणीही उचलून खावं असं मी म्हणत नाही. ती मुलं आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पळतात. पण भाताला घाबरणाऱ्यांनी एकदा तिकडे बघावं.

तुमची खरी भीती साखरेची आहे, मॅरेथॉनची नाही, हे मला कळतंय. 5.9 हे मधुमेहपूर्व पट्ट्यात येतं, तो 5.7 ते 6.4 चा. घाबरायचं कारण नाही, दुर्लक्ष करायचंही नाही. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर आत घ्यायला इन्शुलिनची वाट बघत नाही. आकुंचन पावता पावताच त्याची दारं उघडतात. पळून झाल्यावरही कित्येक तास ती किलकिली राहतात. त्यामुळे सकाळी सोळा किलोमीटर पळून आल्यावर खाल्लेले पोहे आणि रविवारी दुपारी लोळत खाल्लेले पोहे, शरीराच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत. भात खावा की खाऊ नये, या प्रश्नाऐवजी कधी खावा एवढंच विचारायला लागा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

तुमच्यासाठी मी असं ठेवीन. पळणं नसेल त्या दिवशी वजनाच्या किलोला तीन ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे 200 च्या आसपास; त्यात एक-दोन भाकऱ्या, उसळ, फळ, दही आलं की झालं, भात नको. दहा किलोमीटर किंवा इंटरव्हलच्या दिवशी किलोला पाच, म्हणजे 340. ते कसे होतात बघा: 60 ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे 46, पाच पोळ्या म्हणजे 100, दोन वाट्या भात म्हणजे साठेक, वरण-उसळीतून 30, दोन केळी म्हणजे पन्नासच्या थोडं खाली, उरलेलं दूध, ताक, फळांतून. हे साधं मराठी जेवण आहे, अघोरी काही नाही. शनिवारी, म्हणजे लाँग रनच्या (आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या) आदल्या दिवशी, किलोला सहा-सात. वजन वाढेल, पहिल्या पंधरवड्यात एक-दीड किलो. ते पाणी आहे आणि ते तुम्हाला हवंय. काट्याकडे बघून परत पनीरवर पळू नका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा, आकडा बोलेल. आणि जो कोणी हे वाचतोय आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर आहे, त्याने यातलं काहीही करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. औषधं घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, पळताना साखर एकदम खाली जाऊ शकते.

रिकाम्या पोटी पळू का, असंही विचारलंत. आठवड्यातून एक-दोनदा, सावकाश, तासाभराच्या आत, जरूर. जातं मोठं करायला तेवढं पुरतं. इंटरव्हल आणि लाँग रन उपाशी नको. बायकांसाठी एक जास्तीचं: सरावही चढता आणि कर्बोदकंही तोडलेली, असं काही महिने चाललं की पाळी लांबते किंवा थांबते. ते ‘फिटनेस’चं लक्षण नाही, शरीर खर्चात काटछाट करतंय. माझ्याकडे अशा मुली येतात, आणि बहुतेकींना कोणीतरी शाबासकी दिलेली असते.

आता शर्यतीकडे. 1960 च्या दशकाअखेरीस आधी तीन दिवस डबा पूर्ण रिकामा करायचा आणि मग भरायचा अशी पद्धत निघाली होती. ब्रिटनचा रॉन हिल 1969 ची युरोपियन मॅरेथॉन त्या पद्धतीने जिंकला. पण ते तीन दिवस नरकाचे असत, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की रिकामं करायची गरजच नाही. सराव उतरवत न्या आणि शेवटचे दीड-दोन दिवस भरपूर भरा. भरपूर म्हणजे किलोला दहा ग्रॅम. तुम्हाला 680.

680 ग्रॅम म्हणजे काय हे ताटात मांडल्याशिवाय समजत नाही. ‘आदल्या रात्री मस्त जेवलो’ म्हणणारा माणूस 300 च्या पुढे गेलेला नसतो. एका दिवसाचं असं होतं: 250 ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात दोन जेवणांत मिळून, 195. शंभर ग्रॅम पोहे, 76. शंभर ग्रॅम साबुदाण्याची खीर, साबुदाण्याचे 87 आणि साखरेचे 60. तीनशे ग्रॅम उकडलेले बटाटे, 55. पावाच्या सहा स्लाइस, 75, त्यावर जॅम, 40. अडीच केळी, 60. दिवसभर लिंबाचं सरबत, त्यातली साखर 50. बेरीज 700 च्या घरात. वर्षभर भाकरी, उसळ, कोशिंबीर खा म्हणून मागे लागणारी मीच बाई या दोन दिवसांत ते तिन्ही बंद करते, कारण चोथा पोटात राहिला तर शर्यतीत दार ठोठावतो. तेल-तूप-दाणेही कमी, पोट भरतं आणि डबा रिकामा राहतो. बिर्याणी, पिझ्झा, तुपात भिजलेली पुरणपोळी यांना लोक कार्ब लोडिंग म्हणतात तेव्हा मला हसू येतं. पुरणपोळी शर्यतीनंतर. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र दाणे आणि तूप वगळलं तर उत्तम धावपटूचं अन्न होईल. मग तिला खिचडी कोण म्हणणार, ही वेगळी गोष्ट.

पहाटे पाचच्या सुमाराला सुरुवात असते, तेव्हा अडीचला उठून खायचं. अन्याय वाटतो, पण रात्रीत यकृताचा डबा उतरलेला असतो आणि तो भरायला हाच एक मार्ग. 70 ते 100 ग्रॅम: जॅम लावलेल्या तीन स्लाइस, एक केळं, साखरेचा चहा. खाऊन पुन्हा पडलात तरी चालेल. शर्यतीआधी अर्धा-पाऊण तास नुसती साखर खाल्ली तर काहींना पहिल्या दोन-तीन किलोमीटरला गरगरतं. इन्शुलिन वर आणि स्नायूही ओढतायत, दोन्ही एकदम. सगळ्यांना होत नाही. तुम्हाला होतं का हे सरावात बघून ठेवा.

पळताना तासाला 50-60 ग्रॅम. एवढंच. नव्वदचे आणि त्याहून वरचे आकडे वाचले असतील, ते वेगळ्या वेगाच्या लोकांचे आहेत. त्यामागचं तत्त्व मात्र कामाचं आहे. आतड्यात ग्लुकोजचं एक दार आहे, त्यातून तासाला साठएक ग्रॅमच आत जातात. फ्रुक्टोजचं दार वेगळं. दोन्ही दारांनी पाठवलं तर नव्वदपर्यंत जातं. आपली साखर म्हणजे अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज. म्हणजे दोन दारांचं हे तंत्र स्वयंपाकघरात आधीपासूनच होतं. गूळही तेच. गुळात लोह असतं वगैरे ठीक आहे, पळताना गूळ म्हणजे साखरच.

लिटरभर पाणी, 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. हे झालं तुमचं पेय. ओआरएसला कोणी ऊर्जेचं पेय समजू नका. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे, लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. त्यावर मॅरेथॉन काढू पाहणारा माणूस मला दरवर्षी एक तरी भेटतो. जेल घेत असाल तर एकात बहुधा 22 ते 30 ग्रॅम असतात, पाकिटावर वाचा. काळा खजूर एक म्हणजे पाच-सहा ग्रॅम, बी काढून खिशात ठेवा. मीठ लावलेला उकडलेला बटाटा सायकलवर छान, पळताना घशात बसतो. दाण्याची चिक्की मला प्रिय आहे, पण धापा टाकत ती चावून बघा एकदा.

पहिला घास तिसाव्या मिनिटाला, भूक आणि थकवा दोन्ही नसताना. मग दर 25-30 मिनिटांनी. थकल्यावर खाल्लेलं पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि थकलेल्या पोटाला रक्तही कमी मिळतं. माझ्या स्वतःच्या दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये मी हे सगळं पुस्तकी माहीत असून जेल पहिल्यांदाच घेतले, तेही पंचविसाव्या किलोमीटरला, दोन एकदम, पाण्यावाचून. पुढच्या चहाच्या टपरीमागे सगळं बाहेर. टपरीवाल्याने तोंड धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, ‘ताई, कशाला पळता?’ मला उत्तर सुचलं नाही. पोटाला सराव लागतो, पायांसारखाच. आतड्यातली ती दारं रोज वापरली की वाढतात. म्हणून लाँग रनला तासाला 30 पासून सुरुवात करा आणि सात-आठ आठवड्यांत 60 वर न्या. ज्या ब्रँडचा जेल शर्यतीत घ्यायचा तोच सरावात.

रोजच्या 8-10 किलोमीटरला मात्र यातलं काही नको. पाणी पुरे. तासाभराच्या जोरदार शर्यतीत तर गंमत आहे: 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सायकलपटूंना गोड नसलेल्या कर्बोदकाच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकायला लावलं, तरी ते सुमारे 3 टक्के जोरात गेले. पोटात कण नाही. तोंडातूनच मेंदूला वर्दी जाते की माल येतोय, आणि तो लगाम सैल सोडतो. तुमच्या मॅरेथॉनला याचा उपयोग नाही, तिथे माल खरोखर यावा लागतो.

शर्यत झाल्यावर लगेच डबा भरायची घाई ज्यांना त्याच दिवशी पुन्हा खेळायचंय त्यांना. तुम्ही दिवसभर नीट जेवा, पुरणपोळी खा.

येत्या शनिवारी रात्री भात जेवा, न घाबरता, वरण आणि थोडं तूप घालून. रविवारी 24 किलोमीटर, साडेसहाच्या वेगाने. निघायच्या दोन तास आधी पोहे, दाणे न घालता. खिशात तीन जेल: 40, 80 आणि 120 व्या मिनिटाला, प्रत्येक वेळी चार घोट पाण्याबरोबर. शेवटचे चार किलोमीटर सहाच्या वेगाने जमतात का बघा. पोट काय म्हणालं आणि त्या चार किलोमीटरला पाय काय म्हणाले, दोन्ही लिहून पाठवा. पुढचा आठवडा त्यावर ठरवू.